मोकळ्या मानेचा खेळ

दोन ओळखीची कुत्री मोकळ्या जागेत समोरासमोर आली म्हणजे त्यांच्या खेळाला एक ठराविक आरंभ असतो. पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवायचे, मागचा भाग उंच धरायचा, क्षणभर समोरच्याकडे रोखून पाहावयाचे आणि मग एकाएकी उसळी घ्यावयाची, असा तो विधी. अमेरिकेतील प्राणिवर्तनशास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी या मुद्रेचा प्रदीर्घ अभ्यास केला. आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे दाखवून दिले की, कुत्री ही मुद्रा केवळ आरंभीच धारण करीत नाहीत, तर खेळ ऐन रंगात आलेला असताना, चावा घेऊन डोके जोराने झटकण्यासारखी जी कृती सहज गैरसमजास कारण व्हावी तिच्या आगेमागे ती पुन्हा पुन्हा धारण करतात, आणि आपला हेतू वैराचा नाही अशी ग्वाही परस्परांना देत राहतात. बलवान कुत्रे अशा वेळी आपले बळ आवरते, थोरले कुत्रे लहानग्यासमोर आपण होऊन उताणे पडते, आणि आता पाठलाग करणारा पुढच्या क्षणी पळणारा होतो. परस्परविश्वासाचे इतके उघड दर्शन प्राणिसृष्टीत फार थोड्या ठिकाणी घडत असेल.

या खेळाचे केंद्र असते मान. तेथील कातडी सैल, केस दाट, आणि दाबून न धरलेल्या दातांचा स्पर्श सोसण्यास तो भाग इतर सर्वांपेक्षा समर्थ. म्हणून तोंडाशी तोंड भिडवून, एकमेकांच्या मानेवर जबड्याची हलकी पकड घेत, सोडत, पुन्हा घेत त्यांची झोंबी चाललेली असते. आणि नेमक्या याच जागी मनुष्य पट्टा बांधतो. चामड्याचा, नायलॉनच्या फितीचा किंवा लोखंडी कड्यांचा, पण सहजासहजी तुटू नये अशाच बेताने केलेला.

या दोन गोष्टी एकत्र आल्याने जो अपघात घडतो, त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही, म्हणून त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करणे मला अवश्य वाटते. पट्टा योग्य मापाचा असल्याची जी खूण सर्वत्र सांगितली जाते ती अशी की, पट्टा आणि मान यांच्यामध्ये माणसाची दोन बोटे सहज जावीत. पण जेथे दोन बोटे जातात तेथे दुसऱ्या कुत्र्याचा सुळाही जातो, आणि पट्टा त्याहून थोडा सैल असला तर अख्खा खालचा जबडा जातो. मानेवर पकड घेण्याच्या ओघात जबडा असा पट्ट्याखाली शिरला आणि तोंड बाजूला काढताना सुळा अडकला, की ज्याचा जबडा अडकला ते कुत्रे घाबरून मागे ओढ घेते. ज्याच्या गळ्यात पट्टा आहे ते सुटण्यासाठी वळते किंवा जमिनीवर लोळण घेते, आणि त्या एकाच लोळणीने पट्ट्याला पीळ बसतो. रक्तस्राव थांबविण्यासाठी बांधलेल्या उपरण्यात काठी घालून ती फिरवावी आणि प्रत्येक फेऱ्यागणिक ते आवळत जावे, तसाच हा प्रकार. भेद इतकाच की येथे काठीच्या जागी एका जिवंत, भयभीत प्राण्याचा जबडा असतो, आणि जसजसा तो स्वतःची सुटका करू पाहतो तसतसा दुसऱ्याचा गळा अधिक आवळला जातो. वैराचा लवलेश नसताना एक मित्र दुसऱ्याच्या मृत्यूला कारण होतो. ज्याचा जबडा अडकलेला असतो त्याचीही गत बरी नसते. त्याचे दात उखडतात, हिरड्या फाटतात, आणि ओढ फारच जोराची असली तर जबड्याचे हाडही मोडते.

गळा आवळला की जीव इतक्या लवकर का धोक्यात येतो, याचे उत्तर मानेच्या रचनेत आहे. श्वासनलिकेच्या कूर्चा संपूर्ण वर्तुळाकार नसतात. प्रत्येक कडे मागील बाजूस उघडे असते, त्यामुळे दाबाखाली नलिका चेपते. तिच्या दोन्ही अंगांनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या आणि तेथून रक्त परत आणणाऱ्या नीला वाहतात. नीला उथळ व मऊ असल्याने त्या आधी मिटतात, मेंदूत रक्त तुंबते, आणि रोहिण्यांवरही दाब आला की मिनिटभराच्या आत शुद्ध हरपू शकते. त्यानंतर हाताशी उरतात ती मोजकी मिनिटे. जवळ उभ्या असलेल्या मालकांची बहुधा अशी समजूत होते की कुत्री भांडत आहेत, कारण ओरडण्याचा आवाज भांडणासारखाच असतो. आणि भांडण सोडविण्याच्या सद्हेतूने ते दोघांना विरुद्ध दिशांना ओढू लागतात. या प्रसंगी करण्यासारखी सर्वांत घातक गोष्ट तीच.

पुण्यातील ज्या पशुवैद्यांशी मी या विषयावर बोललो, त्यांनी या शेवटच्या मुद्द्यावर वारंवार भर दिला. ते म्हणाले, ‘आमच्याकडे असे कुत्रे येते तेव्हा मालकाच्या हातातही दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याच्या जखमा असतात. मधे हात घातला हे बरोबरच केले, पण ओढ कमी करायच्या ऐवजी वाढवली. आधी दोघांना जवळ आणा, मग बाकीचे.’ जवळ आणावयाचे म्हणजे शक्य असल्यास दोन माणसांनी दोन कुत्र्यांना धडाला धरून एकमेकांकडे ढकलावयाचे, एकाची मागची बाजू उचलून धरावयाची, पीळ कोणत्या दिशेने पडला आहे हे पाहून त्याच्या उलट दिशेने हलक्या कुत्र्याला फिरवावयाचे. ओढ सैल झाली की बक्कल हाती लागते. तोवर ते हाती लागून उपयोग नसतो. कारण काटा असलेले जुन्या पद्धतीचे बक्कल सोडविण्यासाठी पट्टा आधी आणखी आवळावा लागतो, आणि प्लॅस्टिकच्या खटक्याचे बक्कल, एरवी दोन बोटांच्या दाबाने सुटणारे, पूर्ण ताणाखाली आणि पिळलेल्या अवस्थेत इतके घट्ट बसते की घाबरलेल्या हातांना ते दाद देत नाही. अशा वेळी पट्टा कापणे हाच मार्ग. त्यासाठी दवाखान्यांत पट्ट्या कापण्यास वापरतात तशी, एक टोक बोथट असलेली दणकट कात्री हवी, आणि ती मानेच्या वरच्या बाजूने घालावी. स्वयंपाकघरातील कात्री नायलॉनच्या जाड फितीवरून बहुधा घसरते, आणि लोखंडी साखळीच्या पट्ट्याला तर कोणतीच कात्री चालत नाही. तेवढ्या एका कारणासाठीही खेळणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी कधीही असू नये.

सुटका झाल्यावर श्वास थांबलेला असेल, तर कुत्र्याला कुशीवर निजवून छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब द्यावेत, आणि दर 30 दाबांनंतर त्याचे तोंड हाताने मिटून नाकपुड्यांतून दोन श्वास फुंकावेत, अशी पशुवैद्यकातील आजची शिफारस आहे. ते उठून बसले, शेपटी हलवू लागले, तरी संकट टळले असे समजू नये. बंद गळ्याने जिवाच्या आकांताने श्वास ओढताना फुप्फुसांत जो विलक्षण ऋणदाब निर्माण होतो, त्यामुळे पुढील काही तासांत फुप्फुसांत द्रव साचू शकतो. प्राणवायूच्या अभावी मेंदूस धक्का बसून दृष्टी तात्पुरती जाऊ शकते. स्वरयंत्रावरील सूज सावकाश वाढते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले तर ती या दाबाची साक्ष असते. तेव्हा ‘आता बरे दिसते आहे’ म्हणून घरी घेऊन जाणे, ही गोष्ट पशुवैद्यांना पट्ट्याइतकीच भीतिदायक वाटते.

इतका धोका ज्या वस्तूत आहे ती कुत्र्याच्या गळ्यात आली कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सिंधुसंस्कृतीच्या अवशेषांत हडप्पा येथे भाजक्या मातीची जी कुत्र्यांची शिल्पे सापडली, त्यांतील काहींच्या गळ्यांत पट्टा स्पष्ट दिसतो, म्हणजे या वस्तूचे वय चार हजार वर्षांहून अधिक आहे. ख्रिस्तपूर्व 37 च्या सुमारास रोमन पंडित वारो याने आपल्या कृषिविषयक ग्रंथात मेंढपाळाच्या कुत्र्यासाठी जाड चामड्याच्या पट्ट्याचे वर्णन केले आहे. त्याला बाहेरच्या बाजूस खिळे ठोकलेले असत, आणि खिळ्यांची डोकी मानेला बोचू नयेत म्हणून आतून मऊ कातडे शिवलेले असे. वारो पुढे असेही नमूद करतो की, लांडग्याला अशा पट्ट्याने एकदा जखम झाली की कळपातील ज्या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नाही तीही सुरक्षित होतात. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ बिबट्याच्या भीतीने आपल्या कुत्र्यांना आजही लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. या पट्ट्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. तो कुत्र्याच्या रक्षणासाठीच असतो, आणि आतल्या मऊ कातड्याची तजवीज करणाऱ्या त्या प्राचीन कारागिराला कुत्र्याच्या मानेची काळजी होती हे उघड आहे.

शहरातील पट्टा मात्र निराळ्या वंशाचा. तो कुत्र्यासाठी नसून कचेरीसाठी आहे. इंग्रजी अमदानीतील नगरपालिकांच्या कायदेकानूंत, ज्याच्या गळ्यात मालकीची खूण असलेला पट्टा नाही ते कुत्रे बेवारस समजून त्याचा नाश करण्याची मुभा होती. मुंबईत तर ही कुत्री मारण्याची मोहीम 1813 पासून चालत आलेली होती, आणि 6 जून 1832 रोजी तिच्याविरुद्ध कोटभागात पारशी समाजाने जो उठाव केला तो मुंबईच्या इतिहासातील पहिल्या दंग्यांपैकी एक गणला जातो. कारण ज्या धर्मात मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी पडणे, म्हणजे सगदीद, हा आवश्यक संस्कार आहे, त्या धर्माच्या लोकांना आपल्या दारातील कुत्री काठ्यांनी मारली जाताना पाहावी लागत होती. अशा काळात पट्टा आणि त्याला लटकणारा परवान्याचा बिल्ला हे कुत्र्याचे अभयपत्र होते, आणि त्यावाचून कुत्र्याला घराबाहेर सोडणे हा मालकाचा अक्षम्य हलगर्जीपणा ठरला असता. स्वतंत्र भारताच्या 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातही भटकी कुत्री मारण्यास अपवाद ठेवलेला होता. 2001 च्या नियमांनी, आणि त्यांची जागा घेणाऱ्या 2023 च्या नियमांनी, नसबंदी व लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच मोहल्ल्यात परत सोडण्याचा मार्ग ठरवून दिला, आणि शस्त्रक्रिया झाल्याची खूण कानाला चीर देऊन करण्याचा प्रघात पडला. म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्याची ओळख सरकारने गळ्यावरून कानावर नेली. घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण जुनीच सवय पुढे चालवीत आहोत, आणि घरात, गच्चीवर, कुंपणाच्या आतल्या मैदानात, जेथे कोणी दप्तर तपासावयास येणार नाही तेथेही, पट्टा रात्रंदिवस गळ्यात राहतो.

या दृष्टीने इंग्लंडातील एक तरतूद मला फार बोलकी वाटते. तेथील 1992 च्या हुकुमान्वये सार्वजनिक जागी प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात मालकाचे नाव व पत्ता असलेला पट्टा असणे बंधनकारक आहे; पण त्याला जे अपवाद केले आहेत त्यांत शिकारी कुत्र्यांचे तांडे आणि मेंढ्या राखणारी कुत्री यांचा समावेश आहे. शेकडो वर्षे एकत्र कुत्री पाळणाऱ्या माणसांचा हा रिवाज. तांड्यातील हाउंड जातीची कुत्री खुराड्यात एकत्र राहतात, एकत्र खातात, झुडपांतून आणि कुंपणांतून धावतात, ती बहुधा रित्या मानेने. त्यांच्या रक्षकाला प्रत्येक कुत्रे नावाने व चेहऱ्याने ठाऊक असते, म्हणून पट्ट्याची गरज पडत नाही. आणि जेथे गरज नाही तेथे तो ठेवावयाचा नाही, एवढे शहाणपण त्या परंपरेत आहे.

आपल्याकडे अलीकडे हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला आहे. पूर्वी एका वाड्यात एक कुत्रे असे. आता पुणे-मुंबईच्या गृहसंकुलांत सायंकाळी आठ-दहा कुत्री एकत्र येतात, आणि मालक प्रवासाला निघाले की शहराबाहेरच्या श्वाननिवासांत ती दिवसच्या दिवस परस्परांच्या सहवासात राहतात. मुळशीच्या वाटेवरचे असे एक श्वाननिवास मी पाहिले. तेथे फाटक दुहेरी आहे. पहिले दार लागल्याखेरीज दुसरे उघडत नाही, आणि त्या दोहोंमधल्या छोट्या जागेत प्रत्येक कुत्र्याचा पट्टा काढून भिंतीवरच्या खिळ्याला, त्याच्या नावाच्या चिठ्ठीखाली, अडकविला जातो. आतल्या कुंपणात सर्व कुत्री मोकळ्या मानेने हुंदडत होती. तेथील तरुण व्यवस्थापक मला म्हणाला, ‘मालकांना हे पटवायला सर्वांत जास्त वेळ जातो. पट्टा काढला तर आमचा कुत्रा हरवेल, अशी त्यांना धास्ती असते. मी त्यांना आधी फाटक दाखवतो, पट्ट्याचं नंतर बोलतो.’ या उत्तरात प्रश्नाचे मर्म आहे. पट्टा काढावयाचा असेल तर त्याने घेतलेली जबाबदारी दुसऱ्या कशाने तरी घेतली पाहिजे, आणि ती प्रथम फाटकाने घ्यावी. पिंजऱ्यात निजणाऱ्या कुत्र्यालाही हाच नियम लागू आहे. पिंजऱ्याच्या गजांत बिल्ल्याची कडी अडकून एकटे कुत्रेही गळफास लागून मरते.

ओळखीची जबाबदारी आता मायक्रोचिपला घेता येते. तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत बसविलेली ही चिप दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने घालतात. तिच्यात 15 अंकी क्रमांक असतो आणि 134.2 किलोहर्ट्झच्या यंत्राने तो वाचता येतो. तिला वीजघट लागत नाही, ती झिजत नाही, आणि तिच्यात जबडा अडकत नाही. तिची उणीव एवढीच की रस्त्यावरच्या सामान्य माणसाजवळ ते यंत्र नसते, आणि क्रमांकापुढे मालकाचा दूरध्वनी नोंदविलेला नसेल तर ती मुकी राहते. म्हणून पट्टा सर्वथा हद्दपार करा असे कोणी जाणता मनुष्य म्हणणार नाही. फिरावयास नेताना पट्टा अवश्य असावा. प्रश्न आहे तो खेळाच्या तासाचा.

ज्यांना खेळातही पट्टा काढणे शक्य नाही, उदाहरणार्थ ज्यांच्या जवळचे मैदान बिनकुंपणाचे आहे, त्यांच्यासाठी ब्रेकअवे नावाचा पट्टा निघाला आहे. त्यात असा खटका असतो की ठराविक मर्यादेपलीकडे ताण आला की तो आपण होऊन सुटतो, आणि खटक्याच्या दोन्ही बाजूंस एकेक कडी असल्याने फिरावयास नेताना साखळी दोन्ही कड्यांत एकत्र गुंतविली म्हणजे तो सुटत नाही. ही युक्ती परदेशी असली तरी तिच्यामागचा विचार आपल्याला परका नाही. कोल्हापुरात सुभाषनगरात, जेथे घरोघर चामड्याचे काम चालते, एका वृद्ध कारागिराला मी ही रचना समजावून सांगितली, तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘गोठ्यात दावं बांधताना निरगाठ मारत नाहीत. सुरगाठच मारायची. आग लागली, जनावर अडकलं, तर एक टोक ओढलं की मोकळं. कुत्र्याच्या पट्ट्याला ते कुणी केलं नव्हतं एवढंच.’ मला वाटते, या विषयावर याहून नेमके बोलणे मी कोणाकडून ऐकले नाही.

अंगाला बांधावयाच्या हार्नेसविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण पुष्कळांना तो सर्व प्रश्नांचे उत्तर वाटतो. चालताना ओढ घेणाऱ्या कुत्र्यासाठी तो खरोखर चांगला आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे आढळले की, पट्ट्याला ओढ बसली की कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, हार्नेसने तसा वाढत नाही. आणि इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे कृत्रिम मानेवर वेगवेगळे पट्टे ओढून पाहणाऱ्या अभ्यासकांनी 2020 मध्ये असा निष्कर्ष काढला की, चाचणीतील कोणताही पट्टा ओढीच्या वेळी मानेला इजेपासून निर्धोक ठेवील असे म्हणता येत नाही. पण खेळात हार्नेसच्या फितींतही जबडा व पंजा अडकतो. गळा आवळण्याचा धोका कमी, एवढाच फरक. तेव्हा खेळापूर्वी तोही उतरविलेला बरा. ओढ बसली की आवळणारे, फासाच्या तत्त्वावरचे पट्टे आणि आत वळलेल्या दात्यांचे पट्टे यांना खेळाच्या जागी थाराच नसावा.

माझ्या मनाला सर्वांत अधिक लागून राहिलेली गोष्ट पाळीव कुत्र्यांची नाही. रात्री वाहनांच्या दिव्यांत चमकणारे पट्टे रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालण्याची चळवळ आपल्या शहरांत दयाळू माणसांनी चालविली आहे, आणि त्यामुळे अंधारात कुत्रे दुरून दिसते हा लाभ उघड आहे. परंतु रस्त्यावरचे कुत्रे दिवसभर आपल्या टोळीत झोंबी खेळते, आणि तेथे पट्टा अडकला तर सोडविणारा हात जवळ नसतो. शिवाय सहा महिन्यांच्या पिलाला घातलेला पट्टा वर्षाच्या कुत्र्याला पुरत नाही. तो मांसात रुतत जातो, जखमेत किडे पडतात, आणि प्राणिमित्रांच्या दवाखान्यांत अशी कुत्री येतात तेव्हा पट्टा दिसतही नाही, केवळ मानेभोवती ओली रेघ दिसते. म्हणून ज्यांना हे पुण्यकर्म करावयाचे आहे त्यांनी ताणाने सुटणारे किंवा लवचिक पट्टेच वापरावेत, वाढत्या पिलांना ते मुळीच घालू नयेत, आणि ज्या गल्लीत ते वाटले त्या गल्लीत दर पंधरवड्याला मानांवरून बोटे फिरवून पाहणारा कोणी तरी नेमून द्यावा. तो नेमता येत नसेल तर पट्टा घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल ते दिवाळीचे दिवस मात्र नेमके उलट सावधगिरीचे आहेत. फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेले कुत्रे भिंतीवरून उडी मारते, दाराच्या फटीतून निसटते, आणि मैलोन्‌मैल धावत सुटते; अशा कुत्र्याला घरी परत आणणारी वस्तू म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलेला दूरध्वनी क्रमांकच. या चार-पाच रात्री पट्टा काढू नका, आणि म्हणूनच या चार-पाच दिवसांत फराळाला आलेल्या पाहुण्यांच्या कुत्र्यासोबत आपल्या कुत्र्याला अंगणात खेळावयास सोडू नका. घरी दोन कुत्री असतील तर संध्याकाळी त्यांना वेगळ्या खोल्यांत, खिडक्या लावून, कोणा घरच्या माणसाच्या संगतीत ठेवा. भाऊबीज उलटून आवाज थांबले की मग फाटकाची कडी नीट लागते का ते तपासा, बोथट टोकाची कात्री फाटकाजवळ हाताशी येईल अशी टांगा, चिपचा क्रमांक आणि त्यापुढील दूरध्वनी अद्याप बरोबर आहे ना हे पशुवैद्यांकडून पाहून घ्या, आणि मग दोघांचेही पट्टे काढून त्यांना सोडा.